ओट्याची पायरी

मनीषनगर, नागपूर
३ सप्टेंबर २०२४

प्रिय शोभामावशी,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. आधी त्यांचीच चौकशी करतो, कारण मागच्या खेपेला ओट्याची ती एकुलती एक पायरी चढताना तू खांब धरून जे तोंड केलं होतंस ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ताराचंदबरोबर तेलाची बाटली पाठवतोय. मयुराच्या ओळखीच्या वैद्यांचं आहे. बाटलीवर नाव नाही, पण वास असा आहे की नावाची गरज पडणार नाही.

तुझे कान गेले, तुझा फोन कपाटात गेला आणि आपली ही पत्रं सुरू झाली. पहिल्यांदा मला कटकट वाटली होती, खोटं कशाला बोलू. आता मात्र ताराचंद जीप घेऊन खाणीकडे निघाला की मीच त्याला थांबवतो, "थांब गा, मावशीचं पत्र राहिलं."

आज तान्हा पोळा. सकाळी खुशीला मारबतीची मिरवणूक दाखवायला नेलं होतं. "घेऊन जा गे मारबत" ओरडून ओरडून तिचा घसा बसला. आता तिने लाकडी बैल टेबलाच्या पायाला बांधलाय आणि मला दटावते, "बाबा, खुंटा हलवू नका, नाहीतर बैल हलेल."

बरं, ताराचंदची तक्रार आहे. म्हणतो, "साहेब, बाई त्या अँटेनाले दोरी बांधून लुगडी वाळू घालून राहिल्या." मावशी, अगं गच्चीवरचा तो खांब शोभेचा नाही! पुन्हा एकदा सांगतो. खाणीतून काढलेल्या मातीचा जो डोंगर तुझ्या गावापलीकडे उभा आहे, तो खाली कामगारांवर घसरू नये म्हणून आमची कंपनी त्याच्यावर नजर ठेवते. डोंगरावर आमचे खांब रोवलेत. ते उपग्रहांकडून आपली जागा विचारून घेतात आणि बोटभरही सरकले तरी आम्हाला कळतं. पण सरकले म्हणजे कशापासून सरकले? त्यासाठी एक न हलणारी जागा लागते, खुशीच्या खुंट्यासारखी. ती जागा म्हणजे तुझी गच्ची. साहेबांनी मला विचारलं होतं, त्या भागात सगळ्यांत पक्की जागा कोणती? मी डोळे झाकून सांगितलं, माझ्या मावशीचं घर. फंडाच्या पैशातून तू स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं.

वंदनाताईचा अमरावतीहून पुन्हा फोन आला होता. आईला दसऱ्यानंतर घेऊन जाते, तू तिला समजव म्हणाली. मी काय समजवणार? मी तुझ्या बाजूचा आहे.

तुझा,
जितू


खैरडोह, ता. सावनेर
१२ सप्टेंबर

चि. जितेंद्र,

गुडघ्यांनी आशीर्वाद दिला आहे, स्वीकार कर. तेल पोचलं. गोपिका शेजारून वास घेतच आली, म्हणून अर्धं तिला दिलं. चार दिवस चोळून माझ्यासमोर ओठ सावकाश हलवत म्हणते, "बाई, नुसता वासच हाय वं, गुण काहीच नाही." माझंही तेच म्हणणं होतं, पण मयुराला सांगू नकोस.

लुगडी काढली. दोरी राहू दिली आहे, ती तुझ्या उपग्रहांना टोचणार नाही.

आता एक विचारते, हसू नकोस. हल्ली रोज दिवेलागणीला मी तुळशीपाशी दिवा लावून ओट्यावर टेकले की तळपायांना काहीतरी जाणवतं. दोन ठोके. धप्, धप्. आवाज मला येत नाही हे तुला माहीतच आहे, पण कान गेल्यापासून माझे पाय तिखट झाले आहेत. कुणी फाटक उघडलं तरी मला पायातून कळतं.

तुझे काका खाणीतून आले की ओट्याशी उभे राहून बूट आपटायचे. दोनदाच. कोळशाची भुकटी झटकायला. मग दार ढकलून आत. आणि जितू, हे ठोके झाले की दारही आपोआप उघडतं. कडी न लावलेलं दार हळूच सरकत आतल्या भिंतीला टेकतं.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भूतबित मानत नाही, आणि रुपरावांचं भूत झालं तरी ते माझ्या धाकात राहील. पण पहिल्या दिवशी मी सवयीने उठून चहाचं आधण ठेवलं, ते उकळून आटल्यावर भानावर आले.

गोपिका म्हणते हे सगळं तुझ्या अँटेनाचं. "ते वरून काहीतरी ओढून राह्यलं बाई." मी म्हटलं, ओढायचंच तर खालून ओढेल. तुझे काका चेष्टेने म्हणायचे ना, "दुपारी तुझ्या हातची भाकर खातो आन् मंग तुझ्याच चुलीखाली जाऊन कोळसा तोडतो." ती जमिनीखालची जुनी खाण बंद होऊनही आता किती वर्षं झाली.

वंदनाचं म्हणशील तर मला जायचं नाही. तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय करू? पण म्हातारपणी हट्टाने पोरांना घोर लावू नये हेही कळतं. तू मोजमापाचा माणूस आहेस. तू सांगशील ते मी ऐकेन, आणि वंदनालाही ऐकवेन.

शोभामावशी


मनीषनगर, नागपूर
१९ सप्टेंबर

प्रिय मावशी,

वासाच्या तेलाचा प्रसाद गोपिकामावशींनाही मिळाला हे बरं झालं. गुणाचं पुढे बघू.

तुझ्या ठोक्यांचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मयुराला वाचून दाखवलं, तर तिने खुशीला जवळ ओढून घेतलं आणि म्हणाली, आता उरलेलं मनात वाच. तेव्हा मी आता एकेक भूत खाली उतरवतो.

दाराचं सोपं आहे. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी निवतो, आकसतो, चौकट तिरपी होते, दार सरकतं. ठोके म्हणजे पलीकडच्या उघड्या खाणीतले सुरुंग. वेळ पुढेमागे होत असेल. आणि अँटेना काही ओढत नाही, ती बिचारी नुसती ऐकते.

पण गंमत सांगू का? दिवेलागणीला खरंच काहीतरी होतं. फक्त तुझ्या ओट्यावर नाही, वर. उपग्रहाचा संदेश आपल्यापर्यंत पोचायच्या आधी आकाशातला एक विजेने भारलेला थर ओलांडतो. दिवसा सूर्य त्याला तापवतो. सूर्य बुडाला की आपल्या भागात, विशेषतः या दिवसांत, तो थर पाण्याला उकळी फुटावी तसा फुटतो आणि त्यात मोठमोठे बुडबुडे चढतात. संदेश त्यातून येताना लडखडतो. त्यातून सध्या सूर्यही भरात आहे, त्याच्यावर डागच डाग. मग माझ्या पडद्यावर काय दिसतं माहितेय? सगळा मातीचा डोंगर संध्याकाळी उठून चालायला लागतो. सगळे खांब एकदम, एकाच दिशेने. रात्री परत जागेवर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता.

मे महिन्यात मोठं सौरवादळ आलं तेव्हा असाच खोटा भोंगा वाजला. खाण रिकामी केली, एक पाळी बुडाली आणि ओमप्रकाशसाहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "जितेंद्रजी, पहाड हिल रहा था या आप?" तेव्हापासून मी याच कामाला लागलो. आता मी एक नियम बसवलाय. एकदोन खांब हलले तर खरी घसरण, भोंगा वाजवायचा. पण सगळेच खांब एका वेळी, एका दिशेने, सारखेच हलले, तर तो सूर्य. आकडा पुसायचा आणि शून्यापासून पुन्हा सुरू करायचं. सगळा डोंगर कधी एकदम सरकतो का? ऑफिसात त्याला सूर्यनियम म्हणतात. तेव्हापासून एकही खोटा भोंगा नाही. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलतात.

आणि तुझं घर? माझ्या पडद्यावर तो हिरवा ठिपका आहे. सगळं जग संध्याकाळी झुलतं, तो तसूभरही हलत नाही. वंदनाताईला मी तेच सांगितलं. म्हटलं, ताई, सावनेर तालुक्यात मावशीच्या घराइतकी पक्की जागा नाही, हे मी नाही, उपग्रह सांगतात. ती म्हणाली, मग राहू दे. तू खुशाल राहा.

तुझा मोजमापाचा माणूस,
जितू


खैरडोह
५ ऑक्टोबर

चि. जितेंद्र,

तुझं पत्र देवापाशी ठेवलं आहे. वंदनाचं पत्र आलं, नेण्याचा विषय तिने सोडला. मी इतकी आनंदले की गोपिकाला बोलावून पुरणपोळी खाऊ घातली. तुझ्या उपग्रहांचे उपकार.

आणि तेलाची मी माफी मागते! जितू, माझे गुडघे सुधारले. खरंच. ओट्याची पायरी चढताना खांब धरावा लागत नाही. आधी उजवा पाय उचलून वर ठेवायला अर्धं मिनिट लागायचं, आता सहज चढते. गोपिकाला काहीच फरक नाही, ती माझ्यावर चिडली आहे की बाईंनी चांगलं तेल स्वतःकडे ठेवलं. मयुराला सांग, म्हातारीने लोटांगण घातलं.

घट बसवले आहेत. यंदा अखंड दिव्याने मला फार दमवलं. समईत तेल घालते ते एका बाजूला जाऊन बसतं. एका काठाला काठोकाठ, दुसऱ्या काठाला वात कोरडी. खाली वहीचा पुठ्ठा घडी करून घातला. दुसऱ्या दिवशी आणखी एक घातला. घट हलवायचा नसतो म्हणून त्याला हात लावला नाही, पण तोही मला जरा ओणवा वाटतो. डोळ्यांचा चष्मा बदलायला झाला असेल.

घरातून बाहेर पडणं बंद आहे. पेटता दिवा एकटा सोडून जात नाहीत. शेजारचं दूधसुद्धा गोपिका ओट्यावर आणून देते.

मोत्या मात्र आठ दिवसांपासून ओट्यावर चढत नाही. भाकर दाखवली तरी नाही. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली बसतो, घराकडे पाहतो आणि तोंड वर करतो. रडत असावा. मला ऐकू येत नाही हे एका परीने बरंच.

विहिरीचं पाणीही गेलं. एवढा पाऊस होऊन तळ दिसतो आहे. गोपिकाच्या विहिरीला आहे.

आणि काका येतात. आता दोन ठोके झाले की थोडं थांबून पुन्हा दोन. सुरुंग म्हणतोस तर सुरुंग. पण सुरुंग मी तीस वर्षं अंगावर घेतले आहेत, ते बाजूने येतात. हे बरोबर खालून येतात. मी दिव्यात तेल घालते आणि म्हणते, या, आत या, बाहेर किती वेळ उभे राहाल. भीती वाटत नाही. बरं वाटतं, खरं सांगते. इतक्या वर्षांनी कुणीतरी घरी येतं आहे.

शोभामावशी


नागपूर, ऑफिस
११ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय मावशी,

गुडघे सुधारल्याची बातमी मयुराने वैद्यांना कळवली. त्यांनी बाटलीची किंमत वाढवली. भोग आता!

धावतपळत लिहितोय, ताराचंद खाली हॉर्न वाजवतोय. काल सूर्याने पुन्हा मोठा तडाखा दिला. मे महिन्यानंतरचं सगळ्यांत मोठं वादळ असावं. रात्रभर मी पडद्यासमोर बसलो होतो. मावशी, तो डोंगर काय नाचला! वर, खाली, पूर्वेला, पश्चिमेला, सगळे खांब हातात हात घालून. आणि भोंगा? वाजला नाही. खाणीतली रात्रपाळी शांतपणे कोळसा काढत राहिली. सूर्यनियम पास झाला. साहेबांनी सकाळी पेढे मागवले. दिवाळीनंतर आणखी खाणींवर हीच व्यवस्था बसवायची म्हणतात.

आता वादळ ओसरलंय. फक्त एक किरकोळ गोष्ट राहिली. सगळे खांब आपापल्या जागी परतले, पण पुरते नाहीत. सगळेच्या सगळे चार बोटं उंच राहिलेत. नियमाने ते पुसून टाकलंय, पण मला आपलं कुतूहल. आकाश निवायला वेळ लागत असेल, सोमवारपर्यंत बसतील खाली.

तुझा ठिपका हिरवागार. तसूभरही नाही.

दसऱ्याला सोनं घ्यायला येतो.

जितू


खैरडोह
११ ऑक्टोबर, दुपार

चि. जितेंद्र,

ताराचंद जेवायला बसला आहे, तोवर चार ओळी.

वादळाचं अभिनंदन. मला आकाशातलं कळत नाही, पण एक विचारते. तुमचे खांब मातीच्या ढिगाऱ्यावर आहेत ना? मग ढिगारा वर कसा जाईल रे? माती खाली बसते एवढंच मी मुलांना शिकवलं. असो, तुमचं गणित वेगळं असेल.

काल संध्याकाळी काकांनी फारच बूट आपटले. मोजायचं सोडून दिलं. समई सरकली, मी धरली म्हणून दिवा राहिला, नाहीतर आठव्या माळेला विझला असता. सकाळपासून दार लागत नाही. फरशीला देवघरापासून उंबऱ्यापर्यंत केसासारखी रेघ पडली आहे. दसरा झाला की गवंडी बोलावते.

गुडघ्यांचं तर विचारूच नकोस. आज पायरी चढले हे कळलंसुद्धा नाही. ताराचंद आत येताना अडखळला. ताट बाजूला सारून त्याने मला कागदावर लिहून दाखवलं, तेच उतरवते: "बाई, हे पायरी पह्यले एवढी ठेंगणी नोती वं." मी म्हटलं, तुझेच पाय लांब झाले असतील. हसला नाही. ताटावरून उठून ओट्याखाली वाकून पाहून आला आणि आता लवकर निघतो म्हणतो.

शोभामावशी


११ ऑक्टोबर, दिवेलागण
(पाकिटाच्या पाठीवर, अंगणात उभ्याने, एकच पेन आळीपाळीने घेऊन)

मावशी, आत्ताच्या आत्ता बाहेर चल. काही घेऊ नकोस.

आधी श्वास घे. नागपूरहून गाडीवर आलास? डोकं केवढं धुळीने भरलं आहे. झालं काय?

घर खाली जातंय.

तूच लिहिलंस तसूभरही नाही.

खुंट्यापासून बैल मोजत होतो. खुंटाच बुडत होता. म्हणून सगळे खांब वर गेलेले दिसले. घर उतरत होतं आणि मी रोज पुसत होतो. तुझे गुडघे बरे झाले नाहीत मावशी. पायरी कमी झाली. ओटा जमिनीत गेला.



उद्या घट उठले की येते. दिवा पेटता आहे. सोडून जाता येत नाही.

मग दिवा घेऊन चल.

घट हलवत नाहीत जितू. तुझ्या आजीपासून कुणी हलवला नाही.

घट रोज हलतोय. तू त्याच्या शेजारी पुठ्ठे घालतेस.

ठोके लागले. तुला लागले?

हो. मला ऐकूही आले. सुरुंग नाहीत. चल, पाया पडतो.

दिवा मी धरते. घट तू घे, दोन्ही हातांनी. पायरी जपून.

पायरी उरलीच नाही मावशी.


मनीषनगर, नागपूर
२० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

अमरावतीला जीव रमतोय का, हे विचारायची हिंमत होत नाही. तरी विचारतो.

त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात तू दिव्यावर पदराचा आडोसा धरून बसली होतीस. सकाळी घट उठवून तू म्हणालीस, यंदा आपलं सीमोल्लंघन एक दिवस आधीच झालं. सगळे हसले. घर तसंच उभं होतं, आणि लोक माझ्याकडे बघत होते. गोपिकामावशी तर तोंडावरच म्हणाल्या, "काहून भेववता गा बाईले? घर त उभंच हाय." दुपारी तुलाही माझा राग आला होता. तू काकांचा फोटो आणायला निघालीस, मी वाट अडवली, तू मला ढकललंस. मावशी, मला आयुष्यात कुणाचं ढकलणं इतकं गोड वाटलं नाही. कारण संध्याकाळी तू आपट्याची पानं वाटत होतीस आणि तुझ्या पाठीमागे घर गेलं. धूळसुद्धा फार उडाली नाही. तुला ऐकू आलं नाही, पण तू पानं हातात धरून थांबलीस आणि खाली आपल्या पायांकडे पाहिलंस. ते मी विसरू शकत नाही.

आता जे सांगायचं आहे ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. मी घाईत निघालो तेव्हा ऑफिसातला नियम तसाच चालू राहिला होता. घर खड्ड्यात गेलं त्या क्षणी पडद्यावर सगळा डोंगर एकदम दोन माणसांच्या उंचीइतका वर उठला. सगळे खांब, एका वेळी, एका दिशेने, सारखेच. नियमाने तो सूर्य समजला. पुसून टाकला. भोंगा वाजला नाही.

आणि अँटेना बंद पडली नाही. गच्चीचा तुकडा पालथा न होता तसाच खाली बसला होता. सौरपट्टीवर दिवसा थोडं ऊन पडत असावं. तीन दिवस ती खड्ड्याच्या तळातून बोलत होती. तेच, जे ती नेहमी बोलते. मी इथेच आहे. रोज दिवेलागणीला मी पडद्यासमोर बसायचो आणि तुझं घर तिथे असायचं, हिरवं, जागच्या जागी. चौथ्या दिवशी आवाज गेला. ठिपका अजून आहे, कारण ती जागा मी स्वतःच्या हाताने लिहिली होती. न हलणारी म्हणून. पुसायला जातो आणि हात मागे येतो.

नियम काढून, नागपुरातल्या दुसऱ्या पक्क्या ठिकाणापासून मी सगळं पुन्हा मोजलं. पावसाळ्यापासून घर उतरत होतं. सूर्यापासून आकडे वाचवायच्या नादात मी तुलाच पुसत होतो. तू मला विचारलं होतंस, तू सांगशील ते ऐकेन, आणि मी काय सांगितलं? मला माफ कर असं लिहिणार नाही, कारण तू लगेच करशील.

साहेबांनी नवीन खुंटा ग्रामपंचायतीच्या इमारतीवर बसवायला सांगितलाय. गोपिकामावशींच्या घराला लागूनच आहे ती. खाणीच्या लोकांनी खड्ड्याभोवती तारेचं कुंपण घातलं. म्हणतात जुन्या नकाशात बोगदे गावाच्या पुष्कळ अलीकडे संपतात, तुझ्या घराखालचा एखादा सुटा पोकळ भाग असेल, बाकी गावाला धोका नाही. मी काकांची चेष्टा त्यांना सांगितली. ते हसले. काका कुठपर्यंत जायचे, तुला काही आठवतं का?

जितू


अमरावती
६ नोव्हेंबर

जितू,

हा कागद लिहून झाला की वंदना त्याचा फोटो काढून तुझ्या मोबाईलवर टाकेल. तुझा फोन सकाळपासून लागत नाही म्हणते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी फार आठवून पाहिलं. काका एकदा म्हणाले होते, "आज तुझ्या चुलीखालून निंगालो आन् शाळेच्या घंटेखाली भाकर सोडली." शाळा आमच्या घरापासून पंचायतीच्या पलीकडे. मधे गोपिकाचं घर. मी तेव्हा म्हटलं होतं, पुरे तुमच्या थापा.

मला वाटायचं ते रोज घरी येताहेत. मी त्यांना आत या म्हणत होते. आता कळतं, ते मला बाहेर बोलावत होते. जन्मभर त्या माणसाने काही तोंडाने सांगितलं नाही, नुसते पाय आपटले, आणि मी जन्मभर चहा ठेवत राहिले.

त्या ठिपक्याचं. पुसून टाक. घर गेलं. मला ते लिहिताना रडू येतं, पण गेलं. जे नाही ते हिरवं दाखवू नये.

माफी केव्हाच दिली. आता ती बाजूला ठेव आणि पुढचं नीट वाच.

गोपिकाच्या सुनेने, नंदिनीने, भाऊबीजेला वंदनाला फोन केला होता. गोपिकाने माझ्यासाठी मुद्दाम निरोप दिला. वंदनाला तो गोड वाटला म्हणून तिने काल शब्दन् शब्द लिहून मला दिला. मी वाचला, आणि रात्री उठून पुन्हा वाचला. सकाळपासून नंदिनीचा फोनही लागत नाही.

"बाई, मी तुमच्यावर उगाच रागावली वं. तुमच्या तेलाचा गुण आला! दिवाळीपासून ओट्याची पायरी मले जाणवूनच नाही राह्यली."

हे वाचत बसू नकोस. नीघ.

शोभामावशी